शुद्ध प्रथिनाच्या लशीला बळ कसे देतात

हिपॅटायटिस-बी या काविळीवरची पहिली लस १९८१ साली वापरात आली, तेव्हा ती माणसाच्या रक्तद्रवापासून बनवलेली होती. या विषाणूची जुनी लागण असलेल्या व्यक्तींच्या रक्तात विषाणूच्या आवरणातील प्रथिनाचे मोकळे कण मोठ्या संख्येने फिरत असतात. ते कण वेगळे काढून आणि सोबतचा जिवंत विषाणू नष्ट होईल अशा कडक प्रक्रिया करून ही लस तयार होत असे. लस परिणामकारक होती. पण लागण झालेल्यांच्या रक्तावर अवलंबून असलेला कच्चा माल मर्यादित होता, आणि दुसऱ्याच्या रक्तातून काढलेली वस्तू टोचून घेण्याबद्दल लोकांच्या मनात साहजिक धास्ती होती. पाच वर्षांनी, १९८६ मध्ये, अमेरिकेत त्याच प्रथिनाची दुसरी लस मंजूर झाली आणि तिच्यात रक्ताचा थेंबही नव्हता. आवरणातील प्रथिनाचे जनुक यीस्टच्या पेशीत बसवलेले होते. ते यीस्ट मोठ्या टाक्यांत वाढवून त्यातून तेवढे एकच प्रथिन वेगळे काढले जाई आणि शुद्ध केले जाई. माणसासाठी मंजूर झालेली ही पहिली रिकॉम्बिनंट लस होय.

रिकॉम्बिनंट उपघटक लशीची कल्पना एवढीच आहे. रोगजंतूचा सबंध देह शरीरात न सोडता त्याचा एखादाच ओळखीचा भाग, बहुधा पृष्ठभागावरचे एखादे प्रथिन, दुसऱ्याच निरुपद्रवी पेशीकडून बनवून घ्यायचे आणि तेवढेच टोचायचे. अशा लशीत वाढू शकेल असे काहीच नसते, त्यामुळे तिच्यामुळे तो रोग होण्याची शक्यताच उरत नाही. गरोदर स्त्रिया, वृद्ध, अवयवरोपण झालेले रुग्ण अशा ज्यांना जिवंत विषाणूची लस देताना डॉक्टर कचरतात, त्यांच्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे.

मात्र या शुद्धतेची किंमत मोजावी लागते. गोवराच्या जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूच्या लशीची एक मात्रा सुमारे ९३ टक्के संरक्षण देते, आणि पीतज्वराच्या लशीची एक मात्रा बहुतेकांना जन्मभर पुरते. याउलट हिपॅटायटिस-बीच्या यीस्टमधील लशीच्या साधारणपणे सहा महिन्यांत तीन मात्रा घ्याव्या लागतात, आणि तरीही निरोगी प्रौढांपैकी ५ ते १० टक्के लोकांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिने, तयार होत नाहीत. वय, लठ्ठपणा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांनुसार हे प्रमाण आणखी वाढते. लशीतील प्रथिन तर विषाणूचेच आहे. मग त्याच प्रथिनाला शरीर एका ठिकाणी जोरदार उत्तर देते आणि दुसऱ्या ठिकाणी दुर्लक्ष करते, असे का व्हावे?

उत्तर समजण्यासाठी प्रतिकारयंत्रणा निर्णय कसा घेते ते पाहावे लागते. आपल्या शरीरात परके प्रथिन रोजच शिरत असते. अन्नातून, श्वासातून, त्वचेवरच्या ओरखड्यातून. प्रत्येक परक्या रेणूविरुद्ध युद्ध पुकारले तर जगणेच अशक्य होईल. म्हणून ‘हे परके आहे का’ या प्रश्नाबरोबर ‘हे धोक्याचे आहे का’ हा दुसरा प्रश्न विचारला जातो, आणि दोन्हींची उत्तरे होकारार्थी आली तरच मोठी हालचाल सुरू होते. हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्या पेशींत डेंड्रायटिक पेशी मुख्य आहेत. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्यांचे वर्णन केले. या पेशी त्वचेत, स्नायूंत, श्लेष्मल आवरणांत पहारा देत असतात आणि सापडलेले प्रथिन गिळून, त्याचे तुकडे करून, जवळच्या लसिका गाठीत जाऊन ते तुकडे टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींना दाखवतात. पण तुकडा दाखवताना त्याच्या जोडीला धोक्याचा इशाराही द्यावा लागतो. इशाऱ्याविना दाखवलेला तुकडा पाहून टी-पेशी जागी होत नाही. उलट अनेकदा ती त्या प्रथिनाकडे यापुढे लक्ष द्यायचे नाही असेच शिकते.

धोका कशावरून ओळखायचा, याचे उत्तर चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये तर्काने मांडले. जंतूंच्या देहात काही रेणू असे असतात, जे आपल्या पेशींत सहसा नसतात किंवा निदान त्या रूपात, त्या जागी नसतात. जिवाणूच्या भित्तिकेतील मेदयुक्त शर्करा, विषाणूंचे दुपदरी आरएनए, जिवाणूंच्या डीएनएतील विशिष्ट अक्षरक्रम ही त्यांची उदाहरणे. हे रेणू ओळखणारी ग्राहके आपल्या पेशींवर जन्मतःच असली पाहिजेत, असे जेनवे यांचे म्हणणे होते. १९९६ मध्ये जूल्स हॉफमन यांच्या गटाने फळमाशीत ‘टोल’ नावाच्या ग्राहकाचे हे काम दाखवले आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने सस्तन प्राण्यांत जिवाणूंचे विष ओळखणारे त्याच घराण्यातील ग्राहक शोधून काढले. हॉफमन, बॉयटलर आणि स्टाइनमन या तिघांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टाइनमन यांचे निधन मात्र घोषणेच्या तीनच दिवस आधी झाले होते.

आता शुद्ध प्रथिनाची अडचण उघड होते. कारखान्यात प्रथिन शुद्ध करताना आपण नको असलेला गाळ काढून टाकतो असे समजतो. पण प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने त्या गाळातच निम्मी बातमी असते. मूळ जंतूकडून शरीराला तीन गोष्टी मिळत असतात: धोक्याचे इशारे, प्रथिनाचा खरा आकार व त्याची दाट मांडणी, आणि लागण चालू असेपर्यंत सतत होणारा पुरवठा. शुद्ध केलेल्या सुट्या प्रथिनाच्या एका टोचणीत या तिन्ही गोष्टी हरवतात. गेल्या शंभर वर्षांत अशा लशी सुधारण्यासाठी जे जे झाले, ते हरवलेले यांपैकी काही ना काही मोजून मापून परत देण्याचे काम आहे, असे माझे मत आहे. आणि या नजरेने पाहिले की विखुरलेल्या वाटणाऱ्या अनेक युक्त्या एका धाग्यात येतात.

यांतील पहिली गोष्ट परत देण्याची युक्ती तिचे कारण कळण्याच्या कितीतरी आधी सापडली होती. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों हे पशुवैद्य घटसर्पाच्या विषावरचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून मिळवत असत. टोचल्या जागी ज्या घोड्यांना गळू होई, त्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त मिळते, असे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी टोचणीत मुद्दाम पावाचा चुरा, टॅपिओका अशा दाह निर्माण करणाऱ्या वस्तू मिसळून पाहिल्या आणि प्रतिविषाचे प्रमाण खरोखरच वाढले. १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांच्या गटाने घटसर्पाचे निर्विष केलेले प्रथिन तुरटीच्या साहाय्याने साक्यासारखे खाली बसवले आणि तो साका टोचला, तेव्हा प्रतिसाद कितीतरी वाढला. लशीच्या साथीला घालायच्या अशा सहायक द्रव्याला ॲडज्युवंट म्हणतात. मदत करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून तो शब्द आला आहे.

तुरटीच्या कुळातील ॲल्युमिनियमचे क्षार आजही जगात सर्वाधिक वापरले जाणारे सहायक द्रव्य आहेत. अमेरिकेत तर २००९ पर्यंत मंजूर लशींत दुसरे कोणतेच सहायक द्रव्य नव्हते. प्रथिन या क्षारांच्या बारीक कणांना चिकटते, त्यामुळे विरघळलेल्या सुट्या रेणूऐवजी पहारेकरी पेशींना गिळायला सोपा असा कण मिळतो, आणि टोचल्या जागी थोडी इजा होऊन आसपासच्या पेशी सावध होतात. त्यांचा अनुभव मोठा आणि सुरक्षिततेचा इतिहास लांबलचक आहे. पण त्यांची एक मर्यादा ठळक आहे: ते प्रतिपिंडे वाढवतात, मात्र लागण झालेल्या पेशींशी थेट लढणाऱ्या टी-पेशींना फारसे जागे करत नाहीत. धनुर्वात किंवा घटसर्प यांत विष अडवणारी प्रतिपिंडेच पुरेशी असल्यामुळे ही उणीव तिथे जाणवत नाही. हिवताप, क्षय, नागीण अशा आजारांत, जिथे जंतू पेशींच्या आत लपून बसतो, तिथे ती जाणवते. आणखी एक व्यावहारिक अडचण म्हणजे ॲल्युमिनियमयुक्त लस गोठली की तिचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात व लस निकामी होते. म्हणून अशा लशी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवताना त्या गोठणार नाहीत याचीही तेवढीच काळजी घ्यावी लागते.

सहायक द्रव्य बदलल्याने किती फरक पडतो, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. हिवतापावरची आरटीएस,एस ही लस तेव्हा प्राथमिक अवस्थेत होती. हिवतापाच्या परजीवीच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचा तुकडा हिपॅटायटिस-बीच्या त्याच आवरण-प्रथिनाला जोडून, यीस्टमध्ये त्याचे कण बनवलेले होते. हे एकच प्रथिन तीन वेगवेगळ्या सहायक मिश्रणांत स्वयंसेवकांना देण्यात आले आणि नंतर देखरेखीखाली त्यांना हिवतापाचे डास चावू दिले. ॲल्युमिनियम क्षार आणि जिवाणूजन्य एक रेणू असलेल्या मिश्रणाने ८ पैकी फक्त एकाला वाचवले. तेल व पाण्याच्या पायसाने (इमल्शनने) ७ पैकी दोघांना वाचवले. त्याच प्रकारच्या पायसात जिवाणूजन्य रेणू आणि एका झाडाच्या सालीतील द्रव्य असे दोन्ही घातले, तेव्हा ७ पैकी ६ जण बचावले. लस न दिलेल्या सहाही जणांना हिवताप झाला. संख्या लहान आहेत हे खरे, पण त्या एका निकालाने त्या लशीची पुढची वाट ठरली. माझ्या दृष्टीने त्यातून मिळालेला धडा हिवतापापुरता नव्हता. तोवर सहायक द्रव्याकडे लशीतील पूरक पदार्थ म्हणून पाहिले जाई. इथे प्रथिन जागच्या जागी राहिले आणि यश-अपयश पूर्णपणे त्या पूरक पदार्थाने ठरवले.

त्यातील दोन घटकांची ओळख करून घेण्यासारखी आहे. पहिला घटक एमपीएल. साल्मोनेला जिवाणूच्या भित्तिकेतील विषापासून तो काढतात. त्या विषाच्या रेणूतील एक फॉस्फेट व एक मेदाम्ल काढून टाकले की त्याचा तापट भाग बराच निवळतो, पण पेशींवरील ग्राहकाला तो अजूनही धोक्याची खूण म्हणून पटतो. दुसरा घटक क्यूएस-२१ हा चिलीतील किलाया नावाच्या झाडाच्या सालीतून मिळणारा सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेसाळणारा पदार्थ आहे. तो एकटा दिला तर पेशींची आवरणे फाडतो. मात्र कोलेस्टेरॉल असलेल्या मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत बसवला की त्याचा हा उपद्रव आवरला जातो. पायसाऐवजी अशा मेदगोळ्यांत हे दोन्ही घटक घालून जे मिश्रण झाले, त्याला एएस०१ म्हणतात. टोचल्यानंतर काही तासांतच ते जवळच्या लसिका गाठीत पोहोचते आणि तिथल्या पेशींना जागे करते. दोन्ही घटक एकत्र असताना मिळणारा प्रतिसाद त्यांच्या वेगवेगळ्या प्रतिसादांच्या बेरजेपेक्षा अधिक असतो, आणि प्रथिन व सहायक द्रव्य एकाच गाठीत जवळजवळ एकाच वेळी पोहोचणे ही त्याची अट आहे.

या मिश्रणाचा सर्वांत लखलखीत पुरावा नागिणीच्या लशीत मिळाला. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि उतारवयात टी-पेशींचा पहारा सैल झाला की नागीण बनून बाहेर पडतो. त्याविरुद्ध आधी आलेली लस जिवंत, दुबळ्या विषाणूची होती. साठीच्या पुढच्या लोकांत तिने नागिणीचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी कमी केले, आणि वय वाढेल तसा तिचा प्रभाव घटत गेला. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या लशीत विषाणूच्या पृष्ठभागावरील फक्त एक प्रथिन ५० मायक्रोग्रॅम आणि सोबत एएस०१ आहे. पन्नाशीपुढच्या लोकांवरील मोठ्या चाचणीत तिची परिणामकारकता ९७ टक्के आली, आणि सत्तरीपुढेही ती ९० टक्क्यांच्या आसपास राहिली. जिवंत विषाणूची लस नेहमीच सरस असते, ही जुनी समजूत इथे मोडली. म्हातारपणी प्रतिकारशक्ती शिथिल होते हे खरे असले, तरी तिला योग्य शब्दांत हाक मारली तर ती अजून ओ देते, हे त्या चाचणीने दाखवले, आणि वृद्धांच्या आरोग्याची काळजी वाहणाऱ्या प्रत्येकासाठी ही फार आशादायक गोष्ट आहे.

हाच मार्ग हिपॅटायटिस-बीच्या लशीतही फळाला आला. जिवाणूंच्या डीएनएतील अक्षरक्रमाची नक्कल करणारा सीपीजी नावाचा कृत्रिम तुकडा त्याच जुन्या आवरण-प्रथिनात मिसळून केलेली लस २०१७ मध्ये मंजूर झाली. सहा महिन्यांत तीन मात्रांऐवजी महिन्याच्या अंतराने दोनच मात्रा देऊन १८ ते ७० वयोगटात ९५ टक्के लोकांत संरक्षक पातळीची प्रतिपिंडे आली. ॲल्युमिनियमवाल्या लशीच्या तीन मात्रांनी हे प्रमाण ८१ टक्के होते. मधुमेह असलेल्यांत तर ही तुलना ९० विरुद्ध ६५ टक्के अशी होती. जी माणसे पूर्वी ‘लस लागू न होणारी’ म्हणून सोडून दिली जात, त्यांच्यातील बहुतेकांत दोष यंत्रणेचा नसून इशारा अपुरा असण्याचा होता, असा याचा अर्थ होतो.

सहायक द्रव्याची चर्चा इतकी होते की दुसरी हरवलेली गोष्ट, म्हणजे प्रथिनाचा आकार व मांडणी, मागे पडते. माझ्या मते ती निदान तितकीच महत्त्वाची आहे. प्रतिपिंड बनवणारी बी-पेशी प्रथिनाचे तुकडे पाहत नाही. ती त्याचा त्रिमितीय पृष्ठभाग चाचपते. या आकाराबाबत ती इतकी काटेकोर असते की प्रथिनाची घडी थोडी बदलली तरी बनणारी प्रतिपिंडे खऱ्या विषाणूला निरुपयोगी ठरू शकतात.

आरएसव्ही या बालकांच्या व वृद्धांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या विषाणूची कथा या बाबतीत क्लेशकारक आणि बोधप्रद आहे. १९६० च्या दशकात फॉर्मलिनने मारलेल्या आरएसव्हीची लस बालकांना देऊन पाहण्यात आली. नंतर लागण झाल्यावर लस घेतलेल्या बालकांतील बहुसंख्यांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि दोन बालके दगावली. लशीने तयार केलेली प्रतिपिंडे विषाणूला अडवण्याच्या कामाची नव्हती. त्या विषाणूच्या पृष्ठभागावर पेशीशी सांधा जुळवणारे एफ नावाचे प्रथिन असते. सांधण्याआधी ते आखडलेल्या स्प्रिंगसारखे असते आणि सांधल्यावर सुटून कायमचे वेगळ्या आकारात जाते. सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे पहिल्या आकारालाच चिकटतात. पण शुद्ध केलेले प्रथिन बाटलीत आपोआप दुसऱ्या आकारात जाऊन बसे. २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, पीटर क्वाँग, बार्नी ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या आकाराची नेमकी रचना उलगडली आणि प्रथिनात मोजके बदल करून ती स्प्रिंग जागच्या जागी अडकवून ठेवली. त्या रचनेवर उभ्या राहिलेल्या दोन लशी २०२३ मध्ये मंजूर झाल्या. त्यांतील एकीत एएस०१ आहे आणि दुसरीत कोणतेही सहायक द्रव्य नाही. आकार अचूक असेल तर केवळ प्रथिनही बरेच काम करते, हे त्यातून दिसते. कोरोनाविषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनात दोन प्रोलीन अमिनो आम्ले घालून त्याला स्थिर करण्याची युक्ती याच अभ्यासाची पुढची पायरी होती.

आकारानंतर मांडणी. विषाणूच्या पृष्ठभागावर एकच प्रथिन ठरावीक अंतराने दाटीने, पुन्हा पुन्हा मांडलेले असते. अशा पृष्ठभागाला बी-पेशी भिडते, तेव्हा तिच्या अंगावरची अनेक ग्राहके एकाच वेळी गुंतून जवळ ओढली जातात आणि तिला जोरदार चेतना मिळते. सुटे प्रथिन मात्र एकेका ग्राहकाला हलकेच स्पर्श करून निघून जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्हीवरील लस या नियमाचे सुंदर उदाहरण आहे. त्या विषाणूचे एल१ हे प्रथिन पेशीत बनवले की त्याच्या ३६० प्रती एकमेकांना जुळून आपोआप विषाणूसारखा, पण आत जनुकीय द्रव्य नसलेला पोकळ कण तयार होतो. इयन फ्रेझर व जियान झोऊ यांनी १९९१ मध्ये असे कण बनवले, आणि जॉन शिलर व डग्लस लोई यांच्या कामाचाही या लशींच्या पायाभरणीत मोठा वाटा आहे. पहिली लस २००६ मध्ये मंजूर झाली. तिने निर्माण केलेली प्रतिपिंडे काही वर्षांत थोडी उतरून मग दशकभराहून अधिक काळ जवळपास स्थिर राहतात, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुली व तरुणींसाठी एका मात्रेचा पर्यायही मान्य केला. उपघटक लशीला अनेक मात्रा लागतातच, हा नियम इथे गळून पडला. मागे वळून पाहिले तर १९८६ च्या हिपॅटायटिस-बी लशीचे यशही थोडे भाग्याचेच होते: ते प्रथिन यीस्टमध्ये स्वतःहून २२ नॅनोमीटरचे कण बनवते. विषाणूचे दुसरे एखादे, सुटेच राहणारे प्रथिन त्या वेळी निवडले गेले असते, तर या सगळ्या लशींचा इतिहास वेगळा झाला असता.

जी प्रथिने आपणहून जुळत नाहीत, त्यांना आता दुसऱ्या चौकटीवर बसवतात. लोह साठवणारे फेरिटिन २४ घटकांचा गोल बनवते. त्याच्या प्रत्येक घटकाला हवे ते प्रथिन जोडले की काट्यांनी भरलेला कण मिळतो. संगणकावर नव्याने रचलेल्या चौकटीही आहेत, आणि अशा चौकटीवरची कोविडची लस २०२२ मध्ये दक्षिण कोरियात मंजूर झाली. हिवतापावरच्या आर२१ या लशीत मांडणी सुधारण्याचा वेगळाच प्रकार दिसतो. आरटीएस,एसच्या कणांत हिवतापाच्या तुकड्याशिवाय असलेले मोकळे हिपॅटायटिस प्रथिनच जास्त असते. आर२१ मध्ये प्रत्येक रेणूला हिवतापाचा तुकडा जोडलेला आहे, त्यामुळे कणाच्या पृष्ठभागावर त्याची दाटी वाढते. सोबत मॅट्रिक्स-एम हे सॅपोनिनवर आधारलेले सहायक द्रव्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आरटीएस,एसची शिफारस २०२१ मध्ये आणि आर२१ ची २०२३ मध्ये केली.

प्रथिन कुठल्या पेशीत बनवले जाते, याचाही आकाराशी संबंध आहे. अनेक विषाणूंच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवर शर्करेच्या साखळ्या असतात, आणि यीस्ट, कीटकांच्या पेशी व सस्तन प्राण्यांच्या पेशी त्या आपापल्या पद्धतीने लावतात. यीस्टच्या साखळ्या लांबलचक असू शकतात आणि महत्त्वाचा भाग झाकून टाकू शकतात. म्हणून कधी उत्पादनाची सोय सोडून महागडी पेशी निवडावी लागते, तर कधी प्रथिनाचा शर्करा न लागणारा तुकडाच घ्यावा लागतो.

तिसरी हरवलेली गोष्ट म्हणजे वेळ. खऱ्या लागणीत जंतूचे प्रथिन दिवसेंदिवस वाढत जाते. टोचणीत ते एकदम येते आणि लवकर नाहीसे होते. लसिका गाठीत बी-पेशींची तालीम चालण्यासाठी जर्मिनल सेंटर नावाची तात्पुरती केंद्रे उभी राहतात. तिथे बी-पेशी आपल्या ग्राहकात लहान लहान बदल करत जातात, जास्त घट्ट चिकटणाऱ्या निवडल्या जातात, बाकीच्या मरतात. या निवडीसाठी प्रथिन समोर टिकून राहिले पाहिजे आणि मदतनीस टी-पेशींचा पाठिंबाही मिळत राहिला पाहिजे. माकडांवरील एका प्रयोगात तेवढेच प्रथिन एकदम टोचण्याऐवजी बारा दिवसांत वाढत्या प्रमाणात विभागून दिले, तेव्हा ही केंद्रे सहा महिन्यांहून अधिक काळ चालू राहिली. माणसाला बारा दिवस वारंवार टोचणे व्यवहार्य नाही. म्हणून प्रथिन हळूहळू सोडणारे कण, जेल आणि त्वचेत विरघळणाऱ्या सूक्ष्म सुया यांवर काम चालू आहे. दोन मात्रांमधील अंतर वाढवणे हा याच तत्त्वाचा साधा प्रकार आहे: पहिल्या मात्रेची तालीम पूर्ण होऊन स्मृतिपेशी विसावल्यावर दुसरी मात्रा दिली, तर बहुधा उत्तर अधिक चांगले मिळते.

जोर वाढवण्याच्या या प्रयत्नांना एक मर्यादा आहे, आणि तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलणे लशींवरच्या विश्वासासाठी आवश्यक आहे. धोक्याचा इशारा म्हणजे अखेर थोडा दाहच. नागिणीच्या नव्या लशीच्या चाचणीत रोजची कामे अडतील इतका त्रास १७ टक्के लोकांना झाला, तर खोटी टोचणी मिळालेल्यांत हे प्रमाण ३ टक्के होते. हा त्रास बहुतेकांत एक-दोन दिवसांत ओसरतो, पण तो आधी सांगितला नाही तर लोक दुसऱ्या मात्रेला येत नाहीत. याहून गंभीर अनुभवही आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २००० च्या हिवाळ्यात नाकावाटे द्यायच्या फ्लूच्या लशीत जिवाणूच्या विषापासून घेतलेले सहायक द्रव्य होते. लस घेतलेल्यांत चेहऱ्याचा एका बाजूचा पक्षाघात लक्षणीय वाढल्याचे दिसले आणि ती लस मागे घेतली गेली. स्नायूंत निर्धोक असलेला इशारा नाकात, मेंदूच्या मज्जातंतूंच्या शेजारी, तसाच निर्धोक असेल असे गृहीत धरता येत नाही, हे त्यातून कळले. निरोगी बालकांना व प्रौढांना लस देताना जितक्या कमी प्रमाणात काम भागेल तितकेच सहायक द्रव्य वापरायचे, हा दंडक त्यामुळेच पाळला जातो, आणि म्हणूनच नवे सहायक द्रव्य मंजूर होण्यास वर्षानुवर्षे लागतात.

त्याशिवाय ‘अधिक’ प्रतिसाद आणि ‘योग्य’ प्रतिसाद यांत फरक आहे. आरटीएस,एस घेतलेल्या बालकांत सुरुवातीला प्रतिपिंडे भरपूर असतात, पण ती वेगाने उतरतात. चार मात्रा घेतलेल्या पाच ते सतरा महिन्यांच्या बालकांत चार वर्षांच्या काळात हिवतापाच्या आजारात घट सुमारे ३६ टक्के दिसली. प्रतिपिंडे वर्षानुवर्षे बनवत राहणाऱ्या पेशी अस्थिमज्जेत कायमच्या वस्तीला कशा जातील, हा आज या क्षेत्रातील सर्वांत जिवाभावाचा प्रश्न आहे. एचपीव्हीच्या लशीत ते साधले, हिवतापाच्या लशीत अजून साधलेले नाही, आणि दोघींतल्या कणांची मांडणी, प्रथिनाचा स्वभाव व लस घेणाऱ्यांचे वय यांची तुलना करून कारणे शोधली जात आहेत.

या तिन्ही धाग्यांना एकत्र गुंफण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न एचआयव्हीच्या लशीत चालू आहे. एचआयव्हीच्या अनेक प्रकारांना अडवणारी प्रतिपिंडे काही रुग्णांत वर्षांनंतर तयार होतात, पण ती बनवू शकणाऱ्या मूळ बी-पेशी फार विरळ असतात आणि विषाणूचे नेहमीचे प्रथिन त्यांना दिसतही नाही. म्हणून संशोधकांनी फक्त त्या विरळ पेशींच्याच हाताला लागेल असा एक कृत्रिम तुकडा रचला, त्याच्या ६० प्रती एका कणावर दाटीने मांडल्या आणि एएस०१ सोबत तो स्वयंसेवकांना दिला. २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ३६ पैकी ३५ जणांत नेमक्या त्याच पेशी जाग्या झालेल्या आढळल्या. त्या पेशी अजून विषाणूला अडवू शकत नाहीत. त्यांना पुढच्या इयत्तेत नेण्यासाठी खऱ्या विषाणूच्या प्रथिनाशी टप्प्याटप्प्याने अधिक मिळतेजुळते होत जाणारे तुकडे, वेगवेगळ्या मात्रांमधून, ठरावीक क्रमाने द्यावे लागणार आहेत, आणि त्या पुढच्या तुकड्यांच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.